पाडकामाची धूळ आणि आमच्या बंद खिडक्या

जानेवारी २०२५ चा शेवटचा आठवडा. अम्मी असरच्या नमाजसाठी उठल्या, जानमाज उलगडली आणि तिथेच थांबल्या. जानमाजच्या हिरव्या मखमलीवर राखाडी थर होता. सकाळीच झटकून ठेवलेली. "पीठ कुणी सांडलं?" त्यांनी धाकटीला विचारलं. पीठ नव्हतं. बोटावर घेतलं तर खरखरीत लागलं, आणि वझू करताना हातावर पाणी पडल्याबरोबर साबणासारखं बुळबुळीत झालं. ते सिमेंट होतं. आमच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत त्या दुपारी खाली आली होती.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारतींची हकिगत वाचकांनी वर्तमानपत्रांतून वाचली असेलच. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी घरं घेतली, दहा-बारा वर्षं राहिले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या सात इमारती पाडल्या गेल्या, उरलेल्या चौतीस जानेवारीच्या अखेरीपासून. २० फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या एक्केचाळीस जमीनदोस्त झाल्या. दोन-अडीच हजार कुटुंबांचा प्रश्न होता. कोण चुकलं, कुणी फसवलं, याचा तपास यंत्रणा करत आहेत. त्यावर लिहायचा आमचा अधिकार नाही. आम्हाला लिहायचं आहे ते त्या धुळीबद्दल, कारण त्या महिन्यात आम्ही जे शिकलो ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि ही गोष्ट एकट्या नालासोपाऱ्याची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळून सतरा माणसं गेली, तेव्हापासून वसई-विरारमध्ये धोकादायक इमारतींकडे सगळ्यांचंच लक्ष आहे. शिवाय पुनर्विकास सुरूच आहे. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, जिथे जुन्या इमारती आहेत तिथे आज ना उद्या शेजारी पोकलेन येणारच.

आमच्या घरात पाच माणसं: अम्मी, आम्ही दोघं आणि दोन मुली. वन बीएचके. अम्मींना वीस वर्षांपासून दमा. पोकलेनचा हातोडा पहिल्यांदा वाजला त्या रात्री त्यांनी पंप दोनदा घेतला, तिसऱ्या रात्री चारदा. मग आम्ही ठरवलं, खिडक्या बंद करायच्या. नुसत्या लावून नव्हे, चिकटवून.

आधी झालेल्या चुका सांगतो.

पहिल्या दिवशी आम्ही सरळ साधा सेलोटेप आणला आणि खिडक्यांच्या कडांवर लावला. दुपारच्या उन्हात अॅल्युमिनियम तापलं आणि संध्याकाळपर्यंत टेप सापाच्या कातेसारखा लोंबत होता. जो भाग निघाला नाही तो नंतर काढताना गोंद तिथेच राहिला, आणि त्या गोंदावर धूळ बसून काळ्या रेघा झाल्या. दुसऱ्या दिवशी ओल्या चादरी टांगल्या. आमच्या आजीच्या काळापासूनचा उपाय आहे, आणि मोठी धूळ त्यावर बसतेही. संध्याकाळी चादर पिळली की बादलीत राखाडी पाणी. त्यामुळे वाटतं, काम झालं. पण चादर वाळली की तीच धूळ पंख्याच्या वाऱ्याने घरात सुटते, आणि बारीक कण तर ओल्या कापडाच्या धाग्यांमधूनही जातात.

तिसरी चूक पैशाची. एका कारागिराला बोलावून चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरून घेतलं. घरभर व्हिनेगरसारखा उग्र वास सुटला, अम्मींना रात्री शेजारच्या बाजींकडे झोपायला पाठवावं लागलं, आणि आठवड्याने बोटाने ओढलं तर सगळी दोरी अख्खी हातात आली. नंतर कळलं, सिलिकॉन दोन जातीचं असतं. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते काचेला उत्तम धरतं, पण सिमेंटच्या प्लास्टरला नीट धरत नाही. भिंतीसाठी 'न्यूट्रल' असं लिहिलेली नळी मागायची. दुकानात हा एक शब्द बोलला असता तर आमचे हजारभर रुपये वाचले असते.

खिडकीतून धूळ नेमकी येते कुठून, हे आम्हाला शाळेतल्या मुलींनी शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. विज्ञानाच्या बाई आणि आम्ही मिळून आठवीच्या वर्गात एक छोटा प्रयोग केला होता. पांढऱ्या कागदाच्या तुकड्यांवर पातळ व्हॅसलिन लावायचं, घरात वेगवेगळ्या जागी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वर्गात आणून भिंगाखाली बघायचं. कागदाच्या मागे जागा लिहायची: खिडकीखाली, दाराखाली, न्हाणीघराच्या झरोक्याखाली, माळ्यावर. सगळ्यांना वाटलं, खिडकीखालचा कागद सर्वांत काळा असेल. निम्म्याहून जास्त घरांमध्ये दाराखालचा कागद जिंकला. एका मुलीच्या घरात तर गॅसच्या ओट्याजवळचा.

ते आम्हाला कोडंच होतं. घरी येऊन अगरबत्ती लावली आणि धूर कुठे जातो ते पाहत सगळ्या कडांवरून हळूहळू फिरवली. हा प्रयोग प्रत्येकाने करावा. पाच मिनिटं लागतात. पंखे बंद ठेवायचे. जिथे धूर सरळ वर जातो तिथे फट नाही, जिथे तो आत झुकतो तिथून हवा आत येते. आम्हाला चार जागा सापडल्या. सरकत्या खिडकीची दोन शटरं मध्ये जिथे एकमेकांवर येतात ती उभी फट. तिथे लोकरीसारखी एक बारीक पट्टी असते, दहा वर्षांत ती झिजून टक्कल पडलेलं असतं. दुसरी जागा, खालच्या ट्रॅकमधली पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं. तिसरी, एसीच्या नळीसाठी भिंतीला पाडलेलं भोक, ज्यात कुणी तरी कधी तरी कागदाचा बोळा कोंबला होता. चौथी जागा मुख्य दाराखालची.

मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू केला आणि कोडं सुटलं. दाराखाली धरलेल्या अगरबत्तीचा धूर एकदम आडवा होऊन घरात धावला. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या जितक्या घट्ट बंद, तितक्या जोराने ती उरलेल्या फटींतून येते. म्हणजे फोडणीचा धूर बाहेर जावा म्हणून आम्ही पंखा लावत होतो आणि जिन्यातली सगळी धूळ आमच्या हाताने घरात ओढून घेत होतो.

धूळ म्हटली तरी सगळी सारखी नसते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ खरं तर कमी घातक. ती नाकात अडकते, शिंकेबरोबर जाते. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना पीएम १० म्हणतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना पीएम २.५. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. पंखा बंद असलेल्या शांत खोलीत दहा मायक्रॉनचा सिमेंटचा कण आपल्या तोंडाच्या उंचीवरून काही मिनिटांत जमिनीवर येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला जवळपास तास लागतो, एक मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा तास. पंखा चालू असेल तर ते खाली येतच नाहीत. उन्हात तिरीप पडते तेव्हा तरंगताना दिसतात तेही बहुतेक जाडच. बारीक कण दिसत नाहीत. काँक्रीटच्या धुळीत वाळूतली सिलिका असते, ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. वर्षानुवर्षं तीच धूळ ओढणाऱ्या दगडखाणीतल्या आणि पाडकामावरच्या मजुरांना सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. महिनाभर शेजारी राहणाऱ्याला सिलिकोसिस होईल असं नाही, पण दमेकरी, तान्ही मुलं, गरोदर बाया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना ती महिनाभराची धूळही महागात पडते. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा हवेच्या घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. जुन्या पडव्यांवरचे आणि गॅलऱ्यांवरचे सिमेंटचे पत्रे फुटत असतील तर आणखी जपावं, कारण त्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात.

हे सगळं कळल्यावर आम्ही पेटून उठलो आणि सगळंच बंद केलं. ट्रॅकमध्ये फोम, दाराखाली पट्टी, एसीच्या भोकात सिमेंट, न्हाणीघराच्या झरोक्यावर प्लास्टिक. एक्झॉस्ट पंख्याच्या तोंडावर पुठ्ठा. अम्मींचा पंप दोन दिवसांत दोनवर आला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मगरिबनंतर अम्मींनी नेहमीप्रमाणे लोबान लावला. स्वयंपाकघरात दोन्ही शेगड्या चालू होत्या. मोठीचं डोकं दुपारपासून दुखत होतं, आम्ही म्हणालो परीक्षेचा ताण असेल. इशाच्या आधी अम्मी खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झाल्या, म्हणाल्या, "छातीवर कुणी बसलंय." आम्ही टेप फाडून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि त्यांना गॅलरीत नेलं. दहा मिनिटांत श्वास खाली बसला. डॉक्टरांनी तपासलं, नेब्युलायझर दिला आणि मग एकच प्रश्न विचारला: "घरात ताजी हवा कुठून येते?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दोन शेगड्या, लोबान, पाच माणसांचा श्वास, आणि चारशे चौरस फुटांचा बंद डबा. बाहेरची धूळ अडवताना आम्ही आतला धूर कोंडला होता. लोबान आणि अगरबत्तीच्या धुरातही तेच बारीक कण असतात, बाहेरचे अडवून आतले पिकवण्यात काय अर्थ? अम्मींना हे सांगणं सोपं नव्हतं. चाळीस वर्षांची गुरुवारची सवय. त्या एवढंच म्हणाल्या, "मग लोबान गॅलरीत लावते, फरिश्त्यांना काय, वास तिथूनही येईल."

त्याहून मोठा धोका न्हाणीघरातला. आमच्याकडे बहुतेक इमारतींत गॅसचा गिझर आहे. तो न्हाणीघरातच असेल आणि झरोका बंद केला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. आम्ही लावलेलं ते प्लास्टिक चार दिवस तसंच होतं, आणि मुली त्यातच अंघोळ करत होत्या. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हणून कितीही धूळ येवो, गिझरच्या न्हाणीघराचा झरोका बंद करायचा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, तेव्हा सिलिंडर असलेल्या खोलीची खालची हवा जाण्याची वाटही पूर्ण बंद करू नये.

त्यानंतर आम्ही घर नव्याने बंद केलं, या वेळी डोकं वापरून.

पाडकामाच्या बाजूच्या, म्हणजे आमच्या पश्चिमेच्या दोन खिडक्या पक्क्या बंद. शटरांच्या मधल्या उभ्या फटीत नवी लोकरी पट्टी. अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्यांकडे ती मीटरवर मिळते, जुनी ओढून काढून खाचेत सरकवता येते. कडांना रंगारी वापरतात तो कागदी टेप, जो काढताना गोंद सोडत नाही. पण तोही दर आठ-दहा दिवसांनी बदलायचा, उन्हात राहिला तर चिकटून बसतो. ट्रॅकच्या छिद्रांत स्पंजचे तुकडे. हे पावसाळ्यापूर्वी आठवणीने काढायचे, नाहीतर पाणी ट्रॅक भरून घरात येईल. मुख्य दाराला खाली ब्रशची पट्टी.

आणि एक खिडकी मोकळी. पूर्वेची, डक्टकडे उघडणारी, जिथे धूळ सर्वांत कमी. तिच्या जाळीवर आतून एसीच्या फिल्टरचं जाड कापड कापून लावलं, चारी बाजूंनी टेपने घट्ट. डासांची जाळी एकटी धुळीला काहीच अडवत नाही, ती या कापडाला धरून ठेवायला मात्र उपयोगी पडते. आता एक्झॉस्ट पंखा चालवला की हवा तिथून, गाळून येते. अगरबत्ती लावून पुन्हा पाहिलं. दाराखाली धूर सरळ उभा राहिला.

वेळेचाही हिशेब बसवला. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि दुपारी उलटा फिरून पश्चिमेकडून येतो. काम सकाळी उशिरा सुरू व्हायचं. म्हणजे फज्रनंतर दोन तास हवा आमच्या बाजूने असायची. तेव्हा सगळं उघडं, अंथरुणं, स्वयंपाक, लोबान, जे काही ते तेव्हाच. जुहरच्या अजानआधी सगळं बंद. ज्यांचं घर पाडकामाच्या पश्चिमेला असेल त्यांनी हे उलट करून पाहावं. नक्की काय ते आपल्या गल्लीतला वारा सांगेल, गॅलरीत ओढणीचा एक धागा बांधला तरी कळतं.

झाडू बंद. कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा तासन् तास हवेत जाते. आधी पंखा बंद करायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं दर खोलीला धुवायचं. हातात मोजे घालावेत, कारण ओलं सिमेंट क्षारयुक्त असतं, बोटांची कातडी सोलते. आमच्या कामवाल्या ताईंचे हात चार दिवसांत फुटले, तेव्हा आमचे डोळे उघडले. काचेवर कोरडं फडकं मारलं तर ओरखडे पडतात, आधी पाणी मारावं. बाहेर जाताना अम्मींना एन-९५ मास्क. तोंडावर दुपट्टा गुंडाळून बारीक धूळ अडत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी आजारी माणसाच्या एका खोलीपुरतं हेपा फिल्टरचं यंत्र घ्यावं, पण खिडकी उघडी ठेवून ते चालवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

आपल्या घरापुरतं हे झालं. खरा उपाय धूळ निघते तिथेच आहे: पाणी. पोकलेनचा हातोडा चालू असताना फवारा चालू असेल तर निम्मी भांडणं मिटतात. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केले. त्या नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याने त्याचं नियोजन करून स्थानिक संस्थेची मंजुरी घ्यायची होती. २०१८ च्या अधिसूचनेत पाणी मारणं, आडोसा उभारणं, झाकून वाहतूक करणं हे सगळं आलं. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये २५ ते ३५ फूट उंच पत्रे आणि पाडताना इमारतीला ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, असे नियम काढले. तुमच्या शेजारी पुनर्विकास होणार असेल तर पहिली भिंत पडण्याआधी सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग समिती कार्यालयाला आणि बिल्डरला पत्र द्या. काम कधी सुरू होणार, पाण्याचा टँकर किती वेळ असणार, डंपर झाकलेले असणार का, एवढं लेखी मागा. पोच घ्या. आमच्या गल्लीत ज्या एका सोसायटीने आधी पत्र दिलं होतं त्यांच्या गेटवर डंपर ताडपत्रीनेच जायचे. आम्ही पत्र दिलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शब-ए-बरातच्या दोन दिवस आधी, दहावीची एक विद्यार्थिनी सराव परीक्षेच्या वह्या न्यायला घरी आली. तिची इमारत त्या एक्केचाळीसांतली. घर सोडून ते विरारला मामाकडे राहायला गेले होते, सात माणसं दोन खोल्यांत. २१ तारखेपासून बोर्डाची परीक्षा. अम्मींनी तिला शरबत दिलं. ती टेपच्या पट्ट्यांकडे पाहत होती. आम्हाला एकदम संकोच वाटला. ज्या धुळीला आम्ही महिनाभर शिव्या देत होतो ती तिच्या घराची होती. तिने काही तसं म्हटलं नाही. खिडकीशी जाऊन म्हणाली, "इथून आमची गॅलरी दिसायची का?" आम्ही म्हटलं, दिसायची, निळ्या पाण्याच्या टाकीच्या डाव्या हाताला. ती काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. काच आतून पुसलेली होती, पण बाहेरून सगळी राखाडी, त्यामुळे तिला काही दिसलं नसावं.

धाकटीने न विचारता त्या खिडकीचा टेप काढला, शटर सरकवलं आणि बाहेर हात घालून ओल्या फडक्याने काच पुसायला लागली. दुपारचे तीन वाजले होते, पश्चिमेचा वारा सुटलेला, सगळी धूळ आत. कुणी काही बोललं नाही. अम्मींनी फक्त दुपट्टा नाकाला लावला.

२० तारखेनंतर हातोडे थांबले, पण राडारोडा उचलण्याचं काम सुरू होतं आणि तेव्हाही धूळ काही कमी नव्हती, म्हणून आम्ही टेप तसाच ठेवला. रमजानचा पहिला रोजा २ मार्चला होता. त्याच्या आदल्या शनिवारी सगळं काढलं. जुन्या सेलोटेपचा गोंद खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवल्यावर निघाला, रॉकेलपेक्षा छान, आणि वासही नाही. पडदे दोनदा धुतले. पंख्याच्या पात्यांवरून, दाराच्या वरच्या कडेवरून, पुस्तकांच्या माथ्यावरून पुढचे दोन महिने राखाडी निघतच होतं. पूर्वेच्या खिडकीवरचं फिल्टरचं कापड मात्र आम्ही काढलं नाही. दर पंधरा दिवसांनी धुतो. त्या मुलीला दहावीत ७८ टक्के पडले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा अम्मींनी तिला आधी जिन्यात चप्पल झटकायला लावली.